बाबी मेस्त्रीचा मचवा

कुठल्याही घरी गेला की बाबी मेस्त्री आधी दारावर टकटक करायचा आणि आत शिरल्यावर उरलेल्या घरावर. पाट, खुंटी, कपाट, काही सुटायचं नाही. बोटाच्या पेराने ठोकायचा, कान लावायचा आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांकडे बघतात तसा घरधन्याकडे बघायचा. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेल्या पलंगालाही त्याने पाहुण्यांसमक्ष कान लावला. "ह्या लाकूड अजून जागा आसा," तो गंभीरपणे म्हणाला. "त्येका झोपाक देवा." त्याच्या भाषेत जागं लाकूड म्हणजे ओलं लाकूड. पण नव्या नवरानवरीच्या पलंगाबद्दल असं जाहीर झाल्यावर मांडवात जो हशा पिकला, तो सासऱ्यांनी फार वर्षं मनात ठेवला.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात चिंचवडला काचेच्या बरण्या बनवणारा एक लहानसा कारखाना होता. मी तिथे रवानगी खात्यात कारकून, आणि मेस्त्री बरण्यांसाठी लाकडी खोकी बनवायचा. खोकं कसलं, तिजोरीच ती. फळ्यांच्या फटींत तो कापूस ठासायचा, वर राळ ओतायचा. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने कळवलं की माल उत्तम आहे, परंतु खोकं उघडताना पहार वाकली. साहेबांनी मेस्त्रीला बोलावून विचारलं की बरण्यांना एवढा बंदोबस्त कशाला. मेस्त्रीने त्यांनाच उलटा प्रश्न केला, "उद्या गाडी पुलावरसून नदीत पडली, तर खोके तरंगाक नको?"

हे सगळं त्याच्या गावाकडून आलेलं. वाघोटण नदी समुद्राला मिळते तिथलं काठावरचं त्याचं गाव. आरमाराच्या काळात तिथे लढाऊ गलबतं बांधत, आणि मेस्त्रीचं घराणं तेव्हापासून त्याच धंद्यातलं. जेवणाच्या सुट्टीत तो आपण बांधलेल्या गलबताचं वर्णन करायचा. सोमवारी त्यात तीस माणसं मावायची, शनिवारपर्यंत दोनशे. एवढं असून तो गाव सोडून पवनेच्या काठी खोकी ठोकायला का आला, हे मात्र सांगत नसे.

चाकणकडचा पांडुरंग गाडे आमच्याकडे माल चढवायला होता. बैलासारखा गडी, पण समुद्र पाहिलेला नाही. एकदा दसऱ्याच्या आधी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेस्त्री, तुमचं गलबत एकदा दावाच की. आमी येतो संगं." सगळा विभाग ऐकत होता. मेस्त्रीला नाही म्हणता येईना.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. गाडेने मेस्त्रीच्या घरी भेट म्हणून घरच्या कांद्यांचं अर्धं पोतं घेतलं आणि एसटीत ते सबंध वाट मांडीवर धरलं. उतरेपर्यंत आमच्या तिघांच्या अंगाला चाकणचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आम्हांला नदीकाठाने फिरायला घेऊन गेला. भात कापणीला आलेलं, पाणी निवळलेलं, काठावर लाकडाच्या भुशाचा वास. खडकात खोदलेली जुनी गोदी त्याने दाखवली. तिच्यात सहा म्हशी डुंबत होत्या. आरमार हेच का, असं गाडेने अगदी साधेपणाने विचारलं. मेस्त्री रागावला नाही, पण भराभर चालू लागला. कोणाच्या आजाने काय बांधलं ते सांगत होता, आपलं नाव कुठे घेत नव्हता. धक्क्याकडे वळणारी वाट आली तेव्हा तिकडे निव्वळ चिखल आहे, असं म्हणाला.

तेवढ्यात परतीच्या पावसाची सर कोसळली. गाडे धक्क्याकडच्या छपराच्या दिशेने पळाला, त्याच्यामागे मी, आणि शेवटी नाइलाजाने मेस्त्री. आत पलीकडे नेणाऱ्या तरीची वाट बघणारी माणसं, कोळणी, दोन शेळ्या. वर पाहिलं तर छप्पर म्हणजे जांभ्याच्या खांबांवर पालथी घातलेली होडी, एक भला मोठा मचवा.

बिडी ओढत बसलेला म्हातारा तरीवाला मेस्त्रीकडे बघून हसला. "काय रे बाबी, सात वर्सांनी इलंस आणि तुझ्याच मचव्याखाली उभो रवलंस?"

मग सगळं त्यानेच सांगितलं. मचवा पाण्यात उतरवला त्या दिवशी सगळा गाव काठावर होता, ताशे वाजत होते. मेस्त्रीने डाव्या अंगाला ओलं लाकूड लावलं होतं आणि उजव्या अंगाला सुकं. मचवा पाण्यात गेला आणि ऐकू न येणाऱ्या माणसासारखा एका अंगाला कलून राहिला. तांडेलाने वल्हवायला घेतला तर गोल फिरून जिथून निघाला तिथेच धडकला. तीनदा. ताशेवाल्यांना कधी थांबायचं तेच कळेना, म्हणून ते वाजवतच राहिले. त्याच आठवड्यात मेस्त्री घाट चढून गेला. मचव्याच्या ढलप्या करायच्या ठरत होत्या, पण एकही फट गळत नाही म्हटल्यावर गावाने तो पालथा घालून धक्क्यावर ठेवला.

कोळणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मेस्त्री खाली बघत उभा होता. आता गाडे काय म्हणतो म्हणून मी धास्तावलो. गाडे हसला नाही. हात उंच करून तो एकेका फटीवरून बोटं फिरवत मचव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बाहेर पाऊस बदाबदा कोसळत होता. परत येऊन त्याने कोरडी बोटं मेस्त्रीला दाखवली. मेस्त्रीने वरच्या फळीवर टकटक केलं, टाचा उंचावून कान लावला. "झोपला आता," तो हळूच म्हणाला.

सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो तेव्हा सगळा विभाग डबे घेऊन वाटच बघत होता. गलबत होतं की नव्हतं, हे त्यांना गाडेच्या तोंडून ऐकायचं होतं. मेस्त्री कोपऱ्यात पाठमोरा बसून रंध्याचं पातं पुसत होता; पुसून झालं तरी पुसतच होता.

गाडेने भाकरी मोडली. "हाय की," तो म्हणाला. "या डोळ्यांनी बगितलं. निम्मं गाव येतंय त्यात, शेळ्यांसकट. भर पावसात आमी आत हुतो, येक थेंब आला न्हाई. माणसं येका टायमाला शंभर तरी मावत्यात."

कोपऱ्यात रंधा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"चाळीस," मेस्त्री न वळता म्हणाला. "उगाच कित्याक वाढवतंस?"