तेविसावा चिंचोका

राऊत सर सायकलवर असताना त्यांना हाक मारायची नाही, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. माणिकपूरच्या शाळेत मी कॅन्टीन नवीन घेतलेलं, आणि ते तिथले पी. टी.चे सर. पहिल्याच आठवड्यात त्यांचा डबा कॅन्टीनमध्ये राहिला. बाहेर येऊन बघते तर सर मान खाली घालून, पुढच्या चाकाकडे बघत, मुंगीच्या चालीने सायकल चालवतायत. मी धावत जाऊन आडवीच झाले. "सर, डबा!" सर थांबले. मी जणू त्यांच्या ताटात माती टाकली, असं बघितलं माझ्याकडे. "आभारी आहे मावशी," म्हणाले, डबा हँडलला अडकवला आणि सायकल वळवून आले होते तिकडे, पार स्टेशनपर्यंत परत गेले. पुन्हा पहिल्यापासून.

शर्यतीचा रस्ता मोजत होते ते. आमच्या भागात धावण्याची कुठलीही शर्यत असो, रस्ता राऊत सरांनी मोजायचा. पुढच्या चाकाला पांढऱ्या रंगाची खूण, ती खाली आली की एक फेरी. शंभर फेऱ्या झाल्या की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. मोजायच्या आधी टायरची हवा तपासायची, कारण ऊन चढलं की टायर फुगतं आणि माप बदलतं. मी हसायचे. "सर, दोन पावलांनी कोणाचं काय बिघडतंय?" तर म्हणायचे, "मावशी, तुम्ही वडा लहान केलात तर मुलं ओरडतात ना? मग?" शर्यत झाल्यावर तोच रस्ता ते पुन्हा मोजायचे. कोणी आनंदाने ओरडत आलं, "सर, मी अमुक वेळात पळालो!" तर यांचं ठरलेलं, "आधी माप, मग कौतुक."

माझी नात सुप्रिया त्यांच्याच हाताखाली तयार झाली. पाच किलोमीटर तिचं अंतर. पाच किलोमीटर म्हणजे तेवीस चिंचोके आणि वर थोड्या फेऱ्या, हे मलासुद्धा पाठ झालं होतं. एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात तिची निवड व्हायची होती. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पण अठरा पूर्ण व्हायच्या आत. ते तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि नेमका त्याच वर्षी कोरोना आला.

सगळ्या शर्यती रद्द. ते एक वेळ समजू शकते हो, माणसं मरत होती. पण पुढे जे सुरू झालं त्याची मला आजही शिसारी येते. म्हणे, आता घरूनच धावा. मोबाइल खिशात ठेवा, अंतर तो मोजेल, पदक कुरिअरने येईल. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोबाइल स्कूटरच्या डिकीत टाकला आणि भाजी आणायला गेले. आले ते एकवीस किलोमीटर धावूनच! पदक घरपोच आलं, त्यांनी ते खिडकीच्या ग्रिलला टांगलं. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस. ज्यांनी त्यांना स्कूटरवर बघितलं होतं, त्यांनी सगळ्यात मोठे हार पाठवले. मी सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पदक स्कूटरला द्यायला हवं होतं."

मग त्या केंद्राचं पत्र आलं. चाचणी होणार नाही. मोजलेल्या रस्त्यावर धावल्याचा व्हिडिओ आणि अंतर बरोबर असल्याची प्रशिक्षकाची सही पाठवा. शेवटची तारीख अगदी जवळ. सर त्याच दिवशी सायकल घेऊन पाचूबंदरच्या रस्त्याला लागले. अर्ध्यात पोलिसाने अडवलं.

"काका, मास्क वर घ्या. कुठे निघालात?"

"रस्ता मोजायला."

"रस्ता मोजायला? खिशात काय आहे? काढा बाहेर!"

दोन्ही खिशांतले चिंचोके एका ओंजळीत आले. पोलीस म्हणाला, "घरी सारीपाट मांडलाय वाटतं," आणि म्हणाला, जायचं तर सरळ पुढे जा, पुन्हा मागे दिसलात तर सायकल जमा करीन. सरांनी आठवून आठवून चिंचोके दोन खिशांत वाटले आणि पुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा पुन्हा पहिल्यापासून मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रिया धावली. काय धावली! बोंबील वाळत घालणारी एक कोळीण उभी राहून बघत होती, ती सरांना म्हणाली, "मास्तर, पोरीला पानी द्या, जीव जाईल तिचा." सरांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं. आम्ही नाचत होतो आणि त्यांची नजर रस्त्याकडे. मग म्हणाले, "पोरी, तू चांगली धावलीस. पण एवढी चांगली नाही धावलीस."

पोलीस नव्हता तिथे, त्यांनी लगेच रस्ता परत मोजला. बावीसच चिंचोके निघाले. तेविसावा न मोजताच डाव्या खिशात गेला होता. रस्ता दोनशे मीटरहून जास्त कमी भरला. "उद्या पुन्हा धावू, उद्याचा दिवस आहे," म्हणाले. पण उद्या उजाडला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधूनच. गल्लीत रुग्ण सापडला होता. कोणी बाहेर पडायचं नाही.

मी फोनवर त्यांच्यावर तुटून पडले. "सर, सगळं जग खोटं पाठवतंय. लोक स्कूटरवर धावतायत! पोरीचं आयुष्य आहे, तुमची एक सही द्या."

सरांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "मावशी, आज चूक माझी आहे. सही केली तर उद्यापासून ती तिची होईल."

मी फोन आपटला. आणि पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती कॅन्टीनमध्ये, रद्दीच्या कागदावर गिरवून गिरवून. तोच हात त्या दुपारी कामाला आला. सुप्रियाच्या जुन्या प्रमाणपत्रावर सरांची सही होती, ती मी खाली ठेवली, वर पत्राचा कागद ठेवला आणि गिरवली. हुबेहूब आली. सुप्रियासमोर कागद ठेवला.

तिने तो पाहिला. ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "आजी, यानं रस्ता लांब होणार आहे का?"

मी कागद चुलीत घातला. तिची निवड झाली नाही. ज्यांची झाली त्यांतल्या एकीच्या वडिलांनी नंतर मला हसत हसत सांगितलं, "आमचं अंतर जरा अंदाजेच होतं हो." हसत हसत! मला त्या माणसाची किळस आली, आणि त्याहून जास्त माझ्या उजव्या हाताची. कारण त्याच्यात आणि माझ्यात फरक होता तो फक्त माझ्या नातीचा.

दुसऱ्या लाटेत सर गेले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं, तोंडही दिसलं नाही. त्यांची माफी मागायची राहूनच गेली. सरांच्या बायकोने सायकल आणि चिंचोक्यांची पिशवी सुप्रियाला दिली.

पुढे शर्यती परत सुरू झाल्या. पहिल्याच मोठ्या शर्यतीत म्हणे "महामारीतही न थांबलेल्या धावपटूंचा" सत्कार. स्टेजवर शाल पांघरून आमचे सेक्रेटरी. भाषणात सरांचं नाव कोणी घेतलं नाही, ज्यांनी या भागातला रस्ता न रस्ता मोजला त्यांचं! मी खुर्चीतून उठले आणि सरळ घरी आले. थुंकले नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

त्या शर्यतीच्या आधीची एक सकाळ मात्र सांगायची आहे. सुप्रिया आता शाळेत मुलींना धावायला शिकवते. तिचा डबा घरी राहिला म्हणून मी तो घेऊन रस्त्यावर आले. समोरून ती येत होती, सायकलवर, मान खाली, नजर पुढच्या चाकावर, ओठ हलतायत. मी तोंड उघडलं होतं.

पण हाक मारली नाही. रस्त्यावरून खाली उतरले, डबा पदराखाली धरला आणि ती पुढे जाईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला.