विकणाराच तपासणारा

ज्या माणसाने मला कमरेला पिस्तूल अडकवायचं होल्स्टर विकलं, त्यानेच सामन्याच्या सकाळी ते तपासून पास केलं, आणि दुपारी त्याच होल्स्टरमधून पिस्तूल पडल्यावर त्यानेच मला बाद केलं. फसवणारा तो, फसलेला मी. क्लबात मात्र उलटंच सांगितलं जातं, म्हणून लिहायला बसलो.

कतारमध्ये, दोह्याला, मी बांधकामाची मचाणं भाड्याने देतो. आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात पाइप उचलत होतो. आज माझ्या मचाणावर माणसं दहा मजले चढतात, ती माझ्या नावावर विश्वास ठेवून. या धंद्यात ‘निष्काळजी’ हा एक शब्द नावाला चिकटला की कुलूप लावून गावी जायचं.

नेमबाजीत मी चाळिशीनंतर शिरलो. आमच्या क्लबात नुसतं उभं राहून नेम धरायचा नसतो; धावायचं, आडोशामागे थांबायचं, पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या. पिस्तूल आणि गोळ्या क्लबच्या. पट्टा, होल्स्टर आणि गोळ्या भरलेल्या मॅगझिनचे पाऊच ज्याचे त्याने आणायचे. इथूनच मूर्खपणाची जत्रा सुरू होते. ज्याची एक गोळी पुठ्ठ्याला लागत नाही, त्याच्या कमरेला बुटांच्या रंगाचा पट्टा. पुण्याचा एक आयटीवाला तर असा नटून यायचा, की वरातीतून घोड्यावरून थेट इकडेच उतरला असावा.

मला तसलं काही नको होतं. पट्टा आणि पाऊच मी देश सोडून निघालेल्या एका इजिप्शियनाकडून घेतले. सामान बांधणाऱ्या माणसाशी घासाघीस करण्यासारखं सुख नाही. त्याला विमान दिसत असतं, आपल्याला फक्त वस्तू. पट्टा एका टोकाला धरून आडवा केला, तरी दुसरं टोक लवलं नाही. घेतला. नवशिक्याला एवढंच कळलं तरी पुरे: पट्टा ताठ हवा, म्हणजे पिस्तूल उपसताना तो सोबत वर येत नाही.

होल्स्टर राहिलं. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात एका दुकानदाराने नक्षीचं चामडी होल्स्टर दाखवलं. “यात पिस्तूल घालून पळता येईल?” मी हिंदीत विचारलं. तो म्हणाला, “भागना क्यों है साहब? फोटो निकालो!” तो निदान खरं बोलला.

मग हा भेटला. क्लबातला जुना खेळाडू, सामन्याचा पंच, आणि बोलणं ऐकताच कळलं की कोल्हापूरकडचा.

“आयला, तू आपल्याकडचा व्हय! मग बाजारात कशाला हिंडतोस, भावा? माझ्याकडं हाय की.”

त्याच्या गाडीत पिशवीभर होल्स्टर होती, कडक प्लॅस्टिकची. मी दिवसभर हिंदी-इंग्रजीत भांडणारा माणूस. मल्याळी, लेबनानी, पठाण, कोणालाही पहिल्या भावात सोडत नाही. पण गावाकडचं बोलणं कानावर पडलं, आणि दर पाडायचाही राहिला. गल्फमध्ये परक्याने आपल्याला फसवणं अवघड असतं. ते काम आपलाच माणूस चांगलं करतो.

तरी सरावाला एक गोष्ट मी विचारली. इतरांची पिस्तुलं होल्स्टरमध्ये बसताना ‘खट्’ वाजायची, माझं गुपचूप आत जायचं.

“वापरून मऊ झालंय, भावा. आवाज नवीन होल्स्टरला येतो,” असं म्हणून त्याने होल्स्टरचा स्क्रू करकचून आवळला, पिस्तुलासकट ते उलटं धरून हलवलं. “पडलं का? नाही न्हवं? मग झालं तर.”

सामन्याच्या सकाळी हाच तपासणीला. त्याने माझ्या कमरेकडे बघून मान डोलावली, पाठीवर थाप मारली. दुपारी खुर्चीवरून उठून आडोशापर्यंत पळायचं होतं आणि तिथे पोहोचूनच पिस्तूल उपसायचं होतं. शिट्टी वाजली. चार पावलं गेलो असेन, कंबर हलकी झाली. भरलेलं पिस्तूल खडीवर पडलं होतं. गोळी सुटली नाही, ही त्या वरच्याची कृपा. आणि हा, माझ्या गावाकडचा, मला भाऊ म्हणणारा, थंड इंग्रजीत मला बाद झाल्याचं सांगत होता. मराठी तेवढ्यापुरती गाडीत ठेवून आला होता. बघणाऱ्यांत मला काम देणारे दोन इंजिनिअर होते. निकालाच्या फलकावर माझ्या नावापुढे कारण लिहिलं गेलं: निष्काळजी हाताळणी.

कधीच न वाजलेला तो ‘खट्’ डोक्यात धरून मी तिथून थेट शस्त्रं ठेवायच्या खोलीत गेलो. क्लबने नव्या पिस्तुलांसाठी जुनी मोडीत काढली होती, ती तिथेच कपाटात होती. तिथल्या माणसाला विनंती करून एक रिकामं पिस्तूल माझ्या होल्स्टरमध्ये घालायला लावलं.

खट्.

होल्स्टर जुन्या पिस्तुलाचं. दिसायला दोन्ही सारखीच, पण नवं अंगाने जरा बारीक. मचाणाचे पाइप जोडणारा कपलर एका मापाचा आणि पाइप दुसऱ्या मापाचा असला तर बोल्ट आवळून तो बसतो, हलेपर्यंत. माझा कामगार असलं काही करून ‘चालतंय’ म्हणाला, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो. आणि याची पिशवी अशाच चालतंयने भरलेली.

पार्किंगमध्ये त्याला गाठलं.

“जुन्या पिस्तुलाचं होल्स्टर गळ्यात मारलंस?”

“लई फरक न्हाई रे त्यात. सकाळी घट्ट बसलं होतं का नव्हतं?”

“बसलं होतं तर मला बाद का केलंस?”

“नियम हाय, भावा. पिस्तूल पडलं की बाद.”

“आणि तपासणाऱ्याला काय नियम?”

तो हसला. “डोक्यात राख घालून घेऊ नगस. घे तुझे पैसे परत. खलास.”

खलास! मी त्याचा हात झटकला. पैसे मला मिळवता येतात. कमी पडले तर त्याच्याच खिशातून काढायची अक्कल आहे. त्याला वाटलं, मी होल्स्टरसाठी ओरडतोय. फलकावरचा तो शब्द माझा नाही, त्याचा आहे, हे त्याच्या टाळक्यात शिरत नव्हतं. की शिरलं होतं, म्हणूनच हात खिशाकडे गेला?

क्लबच्या समितीला मी विचारलं, विकणाऱ्यालाच तपासायला कोणी बसवलं? म्हणाले, बघू, इन्शाल्ला. नवीन आलेल्या दोन पोरांच्या कमरेला मी परवा त्याच पिशवीतली होल्स्टर पाहिली. दोघांनाही सांगितलं. एक म्हणाला, “पण काका, ते आपल्याकडचे आहेत.”

ते होल्स्टर मी टाकलेलं नाही. येत्या सामन्याला ते घेऊन येणार आहे. आता तुलाच सांगतो: समितीने तुझ्या पिशवीतली सगळी होल्स्टर टेबलावर मांडावीत. आणि भावा, तू हेच कमरेला लाव, स्क्रू हवा तेवढा आवळ, क्लबचं रिकामं पिस्तूल त्यात घाल, आणि त्या दोन इंजिनिअरांसमोर खुर्चीपासून आडोशापर्यंत पळून दाखव. नाही पडलं तर मी निष्काळजी. पडलं तर फलकावरचं माझं नाव तुझ्या हाताने पूस आणि तिथे तुझं लिही. पळतोस का?