हिरडीच्या रंगाची रेसगाडी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणतात. ते दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि हे त्या मापावरून दात करतात. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं टेबल आहे. त्यावर प्लास्टरची पांढरी धूळ, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि दातांच्या जोड्या रांगेत सुकायला ठेवलेल्या. पहिल्यांदा आत गेलेला माणूस जरा दचकतोच, कारण खोलीत माणूस एक आणि हसणारे दहा.

बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. नवख्याला वाटतं, आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. एकदा शेजारच्यांनी घरातल्या समारंभाचा फोटो कौतुकाने दाखवला, तर हे फोटो लांब धरून म्हणाले, "वा! यात माझे तिघे हसताहेत."

माणूस मऊ, पण कामात कोणाचं ऐकणार नाही. "डोळ्याला फसवता येतं, बाई," ते मला नेहमी सांगत. "जिभेला नाही. एक कण राहिला तरी ती दिवसभर तिथेच जाऊन बसते. चांगली कवळी कोणती? जिभेला जिचं काहीच लागत नाही, ती." म्हणून प्रत्येक कवळी ते पॉलिशच्या मोटरीवर धरत, बोट फिरवत, पुन्हा धरत. घाई केली की म्हणत, "तोंड तुमचं आहे, पण आत काम माझं राहणार आहे."

त्यांच्या बायकोचे वडील त्यांच्याकडे राहायला आले ते डोळे गेल्यावर. म्हातारबुवा जन्मभर मोटार मेकॅनिक. नजर हळूहळू विझत गेली तरी हाताने गाड्या खोलत राहिले, आणि शेवटी एक दिवस गॅरेजला कुलूप लावून लेकीकडे आले. आल्या दिवशी पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "पोरी, आता मी सामान आहे. कुठे ठेवायचं ते तू ठरव."

त्यानंतर ते खाटेवरून उतरेनात. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. लेक हाताला धरून न्यायला गेली की "नंतर" म्हणायचे. पाय चांगले होते, गुडघेही बरे होते, नुसती उठण्याची इच्छा संपली होती. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन हळूच सांगितलं, "यांना चालतं करा. असेच पडून राहिले तर पाय धरतील, आणि मग मनात आलं तरी उठता येणार नाही."

लेकीने गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. म्हातारबुवांनी मिठाची गुळणी धरली होती. फक्त एका गाडीचं नाव काढलं की ते दोन शब्द बोलत. तरुणपणी ते ज्या गॅरेजात होते, तिथल्या मालकाने एक जुनी रेसगाडी विकत घेतली होती. ती म्हातारबुवांपेक्षाही वयाने मोठी. एका माणसापुरती जागा, लांबलचक नाक, तारांची चाकं, बॉनेटला चामड्याचा पट्टा. रविवारी एका बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर मालक ती पळवायचा आणि इतर दिवशी हे ती दुरुस्त करायचे.

"लहानपणी मला झोपवताना बाबा त्या गाडीचं इंजिन खोलायचे," त्यांची लेक मला सांगत होती. "इतर मुलांना परीची गोष्ट, मला पिस्टनची. पिस्टन बाहेर येईपर्यंत मी झोपलेली असायचे, त्यामुळे पुढे काय होतं ते मला अजून माहीत नाही."

हे ऐकत कवळीवाले बाजूला उभे होते. दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार लोटलेलं दिसू लागलं.

बायकोच्या कपाटात त्या गाडीचा एक फोटो होता. तो भिंगाखाली धरून त्यांनी गाडी करायला घेतली, वीतभर लांबीची. सामान सगळं घरचंच. कवळीच्या क्लिपा ज्या तारेच्या करतात, तिच्याच चाकांच्या तारा. आधी मेणाची गाडी, तिच्यावर प्लास्टरचा साचा, आणि मेण वितळवून काढलं की त्या पोकळीत कवळीचंच गुलाबी मिश्रण. गाडी बाहेर आली ती अस्सल हिरडीच्या रंगाची. बायकोने दारातून डोकावून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अहो, ही धावणार की चावणार?"

"रंग नंतर देईन," ते म्हणाले. "बाबांना कुठे दिसतोय? आणि तू पुढच्या खोलीत काही बोलू नकोस. त्यांना अचानक द्यायचीय."

मला त्यांनी ती दाखवली. खरं सांगते, रंग सोडला तर फोटोतली गाडीच लहान होऊन टेबलावर उभी होती. बॉनेटवरच्या हवेसाठीच्या फटी, रिव्हेटांचे ठिपके, पट्टा, सगळं जिथल्या तिथे. आणि तकाकी अशी, की खिडकीचे गज तिच्यात दिसत होते.

रविवारी सकाळी त्यांनी ती सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी, मी खुर्चीत. म्हातारबुवांनी दोन्ही हात तिच्यावरून फिरवले. नाकापासून शेपटापर्यंत, मग उलटे. पुन्हा एकदा फिरवले.

"काय आहे हे?"

"ओळखा ना, बाबा."

"साबण."

लेक दारातून एक पाऊल पुढे आली.

"साबणाला चाकं लावलीत, जावईबापू. न्हाणीघरात ठेवा." त्यांनी गाडी पुढे केली, आणि जावयाने ती घेताच भिंतीकडे तोंड करून पडले.

लेक मात्र खवळली. "बाबा, महिनाभर राबलेत ते! तुम्हाला दिसत नाही म्हणून काय..." आणि वाक्य अर्धवट टाकून ती आत गेली. कवळीवाले गाडी हातात धरून तसेच उभे होते. मी घरी निघून आले. अशा वेळी पाहुण्याने जावं, हेच बरं.

नंतर काही दिवसांत म्हातारबुवांनी जेवणही टाकायला सुरुवात केली. लेकीच्या चेहऱ्यावरून ते कळायचं, विचारावं लागत नव्हतं.

माझी खालची कवळी तेव्हा एका बाजूला टोचत होती, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आतून पांढरी पेस्ट लावून मला ती घालायला सांगितली. "चावा. हां. आता कुठे लागतं तिथे बोट ठेवा." मी गालावर बोट ठेवलं. ते वाकून बघू लागले, आणि वाकलेले तसेच राहिले.

"बाई, मी ट्रायल घेतलीच नाही."

मी तोंड उघडं ठेवून नुसती मान हलवली.

"एकही कवळी मी ट्रायलशिवाय केली नाही आजवर. आधी दात मेणात बसवायचे, तोंडात घालून बघायचं, ज्याचं तोंड आहे त्याला विचारायचं, मगच पक्कं करायचं. आणि इथे मी त्यांना न विचारता थेट पक्कं करून मांडीवर ठेवलं! वर घासलं कसं, तर जिभेला लागणार नाही असं." ते मटकन स्टुलावर बसले. "अहो, त्यांच्या तर हाताला लागायला हवं होतं ना!"

माझ्या कवळीचं त्यांना भान नव्हतं. ती मीच काढून धुतली.

त्यांनी गाडीचं अंग पुन्हा केलं, या वेळी नुसतं मेणाचं. दिव्यावर धरून मऊ केलं आणि पुढच्या खोलीत नेलं. "बाबा, हे कच्चं आहे. चुकलं असेल तिथे दाबा."

म्हातारबुवांनी आधी हात पुढे केला नाही. मग केला. अंगठा बॉनेटवर फिरला आणि थांबला. "फटी कुठायत? इथे फटी होत्या. नख अडकायचं." त्यांनी नख रोवलं. मेण तोवर घट्ट झालं होतं, नख घसरलं. "हे काय? दगड झालाय."

"गार झालं. आणतो गरम करून."

जावईबापू मागच्या खोलीत गेले, मेण मऊ करून आले. दोन फटी झाल्या, तिसरीला मेण पुन्हा घट्ट. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. म्हातारबुवांचा आवाज चढू लागला. "पळत आणा ना! चालताय काय वरातीत आल्यासारखे!"

"पळतोच आहे, बाबा. वाटेत तुमच्या लेकीच्या कुंड्या आहेत."

"दिवा इकडे आणा मग."

"गादीवर दिवा?" लेक स्वयंपाकघरातून ओरडली. "अजिबात नाही! घर पेटवायचंय का दोघांना मिळून?"

चौथी फट अर्धी राहिली होती आणि म्हातारबुवांचा अंगठा तिच्यावर पुन्हा पुन्हा जात होता. मग ते चिडून म्हणाले, "कुठे आहे तुमचं ते टेबल?"

कवळीवाल्यांनी हात पुढे केला नाही. नंतर मला म्हणाले, "मुद्दामच केला नाही. हात धरला असता तर त्यांना आठवलं असतं की आपल्याला धरावं लागतं." ते नुसते पुढे चालत बोलत राहिले. "डावीकडे भिंत. आता उंबरा. हां, इथे कुंडी." मागून भिंतीवर तळवा घासत म्हातारबुवा येत होते, आणि लेक चुलीवर काहीतरी उतू जात असतानाही जागची हलली नाही.

त्या दिवसानंतर ती खोली त्या दोघांची झाली. मी जायचे तेव्हा आत भांडण चाललेलं असायचं. "रिव्हेट एवढे जवळ नव्हते, मी काय सुई-दोरा घेऊन बसलो होतो?" "बाबा, ते चाक सोडा, वाकेल." एकदा म्हातारबुवांनी बसण्याच्या जागेच्या एका बाजूला मेणात अंगठा टेकवला आणि पत्रा बाहेर फुगवावा तसं ते आतून दाबलं.

"हे काय केलंत? दोन्ही बाजू सारख्या हव्यात," जावई कळवळून म्हणाले.

"मालक जाडा होता. वळणावर त्याचं उजवं कोपर घासायचं. मीच ठोकून पत्रा फुगवला होता, लाकडाच्या हातोडीने. डावीकडे कशाला फुगवू? त्याचं डावं कोपर कुठे तक्रार करत होतं?"

मेण ओघळल्यासारखं दिसत होतं ते. सगळी हयात दोन्ही बाजू सारख्या करण्यात गेलेल्या माणसाचं बोट नकळत मेण खरवडायच्या सुरीकडे गेलं. मग त्यांनी ती उचलून बाजूच्या वाटीत ठेवून दिली.

गाडी पुन्हा साच्यातून निघाली, गुलाबीच. या वेळी पॉलिशच्या मोटरीला त्यांनी हात लावला नाही. रिव्हेट बोटांना टोचत होते, फटीत नख अडकत होतं. दिसायला पहिल्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही, अशी ओबडधोबड.

त्या दिवशी लेकीने मला मुद्दाम बोलावलं. आनंद होताच, पण दारातच कुजबुजली, "आता गाडी झाली, बाई. उद्यापासून पुन्हा खाट धरली तर?"

आम्ही दोघी मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलो. म्हातारबुवा स्टुलावर होते. त्यांची बोटं नाकापासून निघाली, पट्ट्यावरून गेली, फटी मोजल्यासारख्या चाचपत त्या फुगवट्यात येऊन विसावली.

"हीच," ते म्हणाले.

कवळीवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

म्हातारबुवांची बोटं मात्र थांबली नव्हती. ती पट्ट्यापाशी परत गेली, बॉनेटच्या कडेला नख घालून उचलू लागली. "उघडत का नाही?"

"काय?"

"बॉनेट."

"आतून भरीव आहे, बाबा. तिथे काही नाहीच."

"काही नाही?" म्हातारबुवा ताठ बसले. "मग चालते कशावर ही? मालकाच्या पुण्याईवर? जावईबापू, इंजिनाशिवाय गाडी म्हणजे काय, ठाऊक आहे? तुमच्या भाषेत सांगतो. दातांशिवाय कवळी!"

लेकीने माझा हात घट्ट धरला. ती हसत होती की रडत होती, ते मी पाहिलं नाही.

"पण बाबा, बॉनेट उघडायचं म्हणजे कापावं लागेल," कवळीवाले म्हणाले. "एवढं केलेलं..."

"मग कापा. आणि मेण तापत ठेवा. आधी पिस्टन करू."

कवळीवाल्यांनी आयुष्यात तयार काम कधी कापलं नव्हतं. त्यांनी खणातून बारीक पात्याची करवत काढली, गाडी टेबलाच्या कडेला टेकवली आणि क्षणभर तशीच हातात धरून राहिले.

"हलतेय ती," म्हातारबुवा म्हणाले. त्यांनी चाचपडत स्टूल पुढे ओढलं, दोन्ही हातांनी गाडी पक्की आवळून धरली आणि बोटं बॉनेटच्या कडेपासून लांब घेतली. "हं. चालवा."