बेल्याची अभ्यासिका आणि सारवणाला मिळालेला पुरस्कार

मिलिंददादाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच बँकेतून घरी आले होते. "आपल्या अभ्यासिकेचं नाव पुरस्कारासाठी गेलं वो. परीक्षक पाहायला येऊन राह्यले. तू इमारतींवर लिहितेस ना इंटरनेटवर? ये मंग." मिलिंददादा म्हणजे माझ्या सुमनमावशीचा मुलगा, बेल्याजवळच्या एका गावात शाळामास्तर. प्रादेशिक वास्तुरचना पुरस्कार, आणि त्यात माझ्या मावशीचं गाव! मी रजा टाकली, बॅग भरली. जाताना मनात होती ती कौतुकाची पोस्ट. ही ती नाही, हे आधीच सांगते.

नागपूरहून सकाळची आदिलाबाद गाडी धरा आणि उन्हाळ्यात डावीकडची खिडकी चुकूनही घेऊ नका, भाजून निघाल. हायवेचं काम चालू असल्यामुळे हिंगणघाटच्या पुढे गाडी बैलगाडीसारखी चालते. पांढरकवड्याला चहा घ्या, भजी घेऊ नका. पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि पाट्या तेलुगू होतात. आदिलाबाद स्टँडसमोर टिफिनच्या गाडीवर पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, झकास मिळतो. मुक्कामाला लॉज इथेच घ्यावा, बेल्याला काही सोय नाही. पण बेल्याच्या बसमध्ये चढलं की पुन्हा आपली मराठी सुरू. "सरक ना वो बाई, काऊन एवढी पसरून बसली?" हे ऐकलं आणि आजोळी आल्यासारखं वाटलं.

जैनदच्या पुढे सगळी काळी जमीन, कपाशीची पऱ्हाटी उपटून उन्हात तापत पडलेली. बेल्याहून गावापर्यंत ऑटो. भाडं बसायच्या आधी ठरवा, उतरताना ठरवलं तर भांडण ठरलेलं.

आता इमारत. खोटं कशाला बोलू, पाहताक्षणी डोळे निवले. मातीच्या गोलसर भिंती, वर कवेलूंचं छप्पर, भिंतीत हातभर खोल कोनाडे. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि आत रांजणाजवळ बसल्यागत गारवा. मी कॅमेरा काढला आणि फोटोवर फोटो घेत सुटले. मावशी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"झाले का फोटू?" ती म्हणाली. "आता पुस्तकं पाय."

कपाटातली खालच्या फळीवरची पुस्तकं उधईनं खाल्लेली होती. मागच्या पावसाळ्यात जमिनीला ओल आली होती. मुलं घरून पोती आणून अंथरतात, तरी कपड्यांना माती लागते. दर आठवड्याला जमीन सारवावी लागते, नाहीतर पोपडे निघतात. आणि सारवायचं कोणी? मावशीनं आणि तिच्या शेजारणींनी.

मिलिंददादानं सांगितलं ते असं. जागा वस्तीची, बुद्धविहाराला लागून. माती वाहिली ती वस्तीतल्या लोकांनीच. बाकीचा खर्च शहरातल्या एका संस्थेनं उचलला आणि आपला वास्तुकार पाठवला. वस्तीनं बैठकीत दोनच गोष्टी मागितल्या होत्या: वर स्लॅब आणि खाली शाबादी फरशी. वास्तुकार साहेब हसले म्हणे. सिमेंट तर कुठंही मिळतं, आपण तुमची परंपरा जपू.

"कोनाची परंपरा?" मावशी म्हणाली. "मी पाटलाचं खळं सारवत होती, तुयी आजी सारवत होती. खळं आमी सारवायचं, आन् ज्वारी पडली का आमीच त्याच्यात पाय ठेवायचा नाई. हे परंपरा. पोरगा मास्तर झाला त्या दिवशी मी म्हटलं, आता कोनाचंच सारवीन नाई. घरात पयले फरशी टाकली, मंग टीव्ही घेतला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नागपूर-हैदराबादच्या चकचकीत फ्लॅटमध्ये राहायचं आणि दुसऱ्याच्या पोरांना मातीत बसवून परंपरा जपायची! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय? मातीची घरं मलाही आवडतात. पण ज्याला शेण कालवायचं आहे त्याला आधी विचारा ना.

पण मावशीपुढे पेच वेगळाच होता. परीक्षकांसमोर तिनं जमीन सारवून दाखवावी, असा वास्तुकाराचा निरोप होता. शक्यतो नऊवारी लुगड्यात. मावशी गोल पातळ नेसते, तर लुगडंही साहेबच आणणार होते. संस्थेनं अजून इमारत वस्तीच्या ताब्यात दिली नव्हती, त्यामुळे हात लावायचीही सोय नाही. मात्र पुरस्कार मिळाला की फरशी टाकून देऊ, असा शब्द साहेबांनी मिलिंददादाला दिला होता.

"आई, एका दिवसाचा सवाल हाय," दादा मान खाली घालून म्हणाला. "पावसाच्या आधी फरशी झाली तर पोरं दहावीचा अभ्यास तरी बसून करतील."

"मी सारवत नाई म्हटलं ना," मावशी म्हणाली आणि जेवायला वाढायला लागली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लाल मिरचीचा ठेचा. भाजी फर्मास होती, पण दादा अर्ध्या भाकरीवरच उठला.

सकाळी ती आपल्याच पातळाचा काचा मारून निघाली. "एकडाव," मला म्हणाली. "पोरांसाठी."

परीक्षक दोघं आले, एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई. सोबत वास्तुकार. भिंतींवरून हात फिरवून झाला, कोनाड्यांचं कौतुक झालं. मग मावशी बादली घेऊन बसली आणि हाताचे अर्धगोल काढत सारवायला लागली. काय सफाई होती तिच्या हाताला! आणि मला ती सफाई बघवत नव्हती. मावशीचं तोंड दगडासारखं होतं. दोघंही परीक्षक वाकून फोटो काढत होते.

"अम्मा, आपको अच्छा लगता है?" बाईंनी विचारलं.

मावशीनं वर पाहिलं नाही. उत्तर वास्तुकारानंच दिलं. "बहुत. ये तो इनकी परंपरा है."

मी तोंड उघडलं होतं. दादानं मान हलवली, नको. मी गप्प बसले, फरशीसाठी. तेवढ्यात वयस्कर गृहस्थ म्हणाले, "इस इमारत की आत्मा यही ज़मीन है. इसे कभी बदलना मत."

"कभी नहीं, सर," वास्तुकार म्हणाला. दादा तिथेच होता. ज्याला शब्द दिला त्याच्या तोंडावर! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण मला त्या दिवशी पुरती कळली. मावशीनं राहिलेला कोपरा न सारवता तसाच ठेवला, हात धुतले आणि घरी निघून गेली.

पाहुणे गेल्यावर मी वास्तुकाराला गाठलं आणि फरशीचं काय, म्हणून विचारलं. "मॅडम, आप समझती नहीं," एवढं बोलून तो गाडीत बसला. परतीच्या बसमध्ये पांढरकवड्यापर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

नागपूरला आले, कामाला लागले. काही दिवसांनी पुरस्कार जाहीर झाला आणि पेपरात फोटो आला. फोटोत मावशीचे हात होते, मनगटापर्यंत. खाली वास्तुकाराचं नाव, संस्थेचं नाव. हात कोणाचे ते कुठेच नाही. दादानं फरशीची आठवण करून दिली तेव्हा संस्थेनं कळवलं की पुरस्कार मिळालेली इमारत आहे, तिच्यात बदल करता येणार नाही.

हे सगळं तेव्हाच रागाच्या भरात लिहून काढणार होते, ते राहून गेलं. पण काल मावशीचाच फोन आला. मागून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

"तांडूरची फरशी आनली," ती म्हणाली. "नोकरीवाल्या पोरांनी आपसात पैसे जमवले. अभ्यासिकेच्या साऱ्या जमिनीवर टाकून देली."

"आणि संस्था?"

"त्या साहेबाचा फोन आल्ता. लई चिडला. म्हने, पुरस्कार वापस घेतील."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, घेऊन जा. तो तुमचाच हाय. फरशी आमची हाय आन् आता शिमिटात बसली."