राधाकृष्ण मंडपवाल्याचं नवं पोट

खर्डा गावाच्या आसपास लग्न कुणाचंही असो, मंडप राधाकृष्णाचाच असायचा. आणि मंडपाच्या आधी दारात पोहोचायचं ते त्याचं पोट! हा गडी शिडीवर चढला की खाली नवरीचा बाप जीव मुठीत धरून उभा. पन्नाशीला शुगर निघाली, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा पठ्ठ्यानं मनावर घेतलं. रोज सकाळी गावच्या किल्ल्याला वळसा, लग्नघरची बुंदी बंद. बघता बघता दीड माणसाचा एक माणूस झाला.

पण वजन गेलं आणि कातडी मागं राहिली. रिकाम्या गोणीसारखी ती पोटावर लोंबायची. घड्यांत घाम साचून पुरळ उठायचं आणि मळ्यातल्या विहिरीवर पोरं पोहत असली की राधाकृष्ण सदरा काढायला लाजायचा. शेवटी नगरच्या एका प्लास्टिक सर्जन बाईंकडं, डॉक्टर यामिनींकडं, जादा कातडी काढून पोट ताणून शिवायचं ठरलं.

"चांगलं चालतंफिरतं मानूस हौसंपायी चिरून घेतंय," त्याची बायको रंगुबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण दवाखान्याची पिशवी तिनंच भरली.

ऑपरेशन झकास झालं. घरी आला तो कमरेत वाकून, पोटाला घट्ट पट्टा, जखमेतलं पाणी निघायला बाजूनं एक नळी आणि नळीला छोटी बाटली. निघताना मॅडमनी बजावलं होतं, "थोडी सूज, काळंनिळं, बधिरपणा राहणारच. पण लाली पसरायला लागली, जागा गरम लागली किंवा दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं, तर लगेच फोन करा."

राधाकृष्णाचं निम्मं लक्ष आरशात होतं. रंगुबाईनं मात्र कान देऊन ऐकलं.

घरी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. राधाकृष्णाच्या अंगात उत्साह मावेना. चहा यायच्या आत त्याचा पट्टा सुटलेला आणि बनियन वर. "बघा, पत्र्यावानी सपाट!" एकदोघांनी तर बोट लावूनही पाहिलं. रंगुबाई आतून ओरडायची, "अवं, झाका ते! जत्रंतला तमाशा हाय का?"

एका दुपारी टाक्यांच्या उजव्या टोकाशी लाल डाग दिसला. 'डास चावला असंल,' राधाकृष्णानं स्वतःची समजूत काढली. संध्याकाळपर्यंत डाग तळहाताएवढा झाला. डावीकडं हात ठेवला तर गार, उजवीकडं तव्यासारखं गरम. मनात पाल चुकचुकली. पण मॅडमला सांगावं तर त्या टाके उसवतील, आणि एवढ्या हौसेचं पोट पुन्हा फाटेल! त्यानं फोन उशाखाली सरकवला.

तेवढ्यात त्याचा मित्र आदिनाथ आला. डाग बघून म्हणाला, "वांगं खाल्लं असनार तू. हळद दाब तुपात कालवून, सकाळपतुर गायब."

राधाकृष्णाला हा सल्ला फार गोड लागला. त्यानं हळदीसाठी हाक मारली आणि रंगुबाई हळदीऐवजी बॉलपेन घेऊन आली. लालीच्या कडेकडेनं तिनं पोटावर रेघ ओढली.

"काय करती गं?"

"बांध घालती. सकाळी बघू, कोन कुनाच्या रानात शिरतंय."

सकाळी लाली बांध ओलांडून चार बोटं पुढं गेली होती. बाटलीतलं पाणी कालपर्यंत फिकट गुलाबी होतं, ते आज ताकासारखं गढूळ, वर वास. राधाकृष्ण गोधडीत कुडकुडत होता. रंगुबाईनं फोटो काढून मॅडमला धाडला आणि लगेच फोन लावला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "निघा. वर काही लावू नका."

"पोट फाडत्यात गं त्या," राधाकृष्ण पुटपुटला.

"फाडू द्या. पोट ऱ्हायलं काय, गेलं काय, मला तुमी पायजे," रंगुबाई बोलून गेली आणि लगोलग चप्पल शोधायला लागली. तीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. तो उठला. रंगुबाईचा निरोप जाताच आदिनाथनं आपली गाडी काढली. जामखेड मागं पडेपर्यंत हळदीचा विषय कुणीच काढला नाही.

मॅडमनी दोनच टाके उसवले, आतला पू काढला, जखम धुतली, पू तपासायला पाठवला आणि सलाईनमधून औषध सुरू केलं. "कशानं झालं, मॅडम?" त्यानं चोरट्यासारखं विचारलं.

"कधी कधी काळजी घेऊनही होतं. पण पाहुण्यांना पोट दाखवणं बंद करा. आणि आणखी दोन दिवस थांबला असतात ना, तर दोन टाक्यांवर भागलं नसतं."

ताप उतरला. लाली हळूहळू मागं सरली. ती उघडी जागा भरायला मात्र वेळ लागला. रोज ड्रेसिंग, रोज रंगुबाईचे साबणानं धुतलेले हात, तिनंच कमरेला बांधलेला पट्टा आणि रोज तिची बडबड. उजव्या टोकाला व्रण जरा रुंद राहिला. त्याचं त्याला काही वाटलं नाही.

मॅडमनी मोकळीक दिल्यावर तो रंगुबाईला घेऊन जामखेडला पँट घ्यायला गेला. दुकानदारानं कमरेचं माप विचारलं. राधाकृष्णानं जन्मभर शिंप्याकडं कापड टाकलेलं. त्याला कुठं माहीत! त्यानं रंगुबाईकडं पाहिलं.

"चौतीस द्या," ती म्हणाली, "आन् काळी नको, लोकांच्या लग्नात घालून मिरवायची हाय."