बावीस वर्षांचा भिडू

निशिगंधाबाई मूळच्या गडहिंग्लजच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं बीजगणित शिकवलं आणि नवरा गेल्यावर ब्रिज या पत्त्यांच्या खेळावर जगल्या. बाई माणूस क्लबात पत्ते कुटते म्हणून शेजारणींनी नाकं मुरडली. बाईंनी त्यांना भीक घातली नाही.

ब्रिजला भिडू लागतो, टेबलाच्या पलीकडे समोर बसणारा. बाईंचे भिडू उदयसिंह. उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप, मोठा आवाज, मन साफ, असं बाईंचं मत. बावीस वर्षं दर शनिवारी दुपारी दोघं खेळले. खेळाआधी कुठली बोली लावली की भिडूनं काय समजायचं, हे सगळं बाईंनी शंभर पानी वहीत लिहून काढलं होतं.

त्यातली एक बोली त्यांची लाडकी. विरुद्ध बाजूनं 'एक बदाम' म्हटलं, की आपण 'दोन बदाम' म्हणायचं. बदाम आपल्याला नकोच असतात. भिडूला सांगायचं असतं, की माझ्याकडे दुसरे दोन रंग आहेत, पाच-पाच पानांचे. कुठले दोन, ते ज्या त्या जोडीनं ठरवायचं. बाईंनी ठरवले दोन्ही काळे, इस्पिक आणि किलवर. शिवाय किलवरमध्ये एक्का किंवा राजा असलाच पाहिजे, ही अट त्यांनी स्वतःच्या डोक्यानं घातली होती.

गेल्या चैत्रात उदयसिंह म्हणाले, पाठीनं वाट लावलीय, डॉक्टर बसू देत नाहीत, पत्ते बंद. वही तेवढी द्या, पडल्या पडल्या चाळीन. बाईंना भरून आलं. त्यांनी वही दिली, आणि वर दर रविवारी फोन करून पाठीची चौकशी करत राहिल्या. क्लबातल्या विजयसिंहांनी दोनदा भिडू व्हा म्हणून गळ घातली, तर बाई म्हणाल्या, आमचे उदयदादा बरे होऊन आले तर त्यांना काय सांगू? आठ महिने त्यांनी पत्त्याला हात लावला नाही. एवढी निष्ठा लोक देवावरही ठेवत नाहीत.

डिसेंबरात क्लबाच्या स्पर्धेत एक जोडी कमी पडली, म्हणून बाईंना बोलावणं आलं. भिडू नंदिनी, बँकेतली नवशिकी मुलगी. चौथ्या फेरीला दोघी टेबलावर आल्या, तर बाईंच्या उजव्या हाताला उदयसिंह. त्यांच्यासमोर, बाईंच्या डावीकडे, विश्वजित नावाचा तिशीतला इंजिनिअर. उदयसिंहांनी नमस्कार केला आणि पानं लावण्यात डोकं घातलं. पाठ बरी झाली असेल, सांगायचं राहिलं असेल, असं त्या अजूनही स्वतःला समजावत होत्या.

बाईंनी 'एक बदाम' लावलं. विश्वजितनं 'दोन बदाम'. नंदिनी पास. उदयसिंहांनी 'तीन किलवर' लावलं. पुन्हा पाळी बाईंची.

या खेळात एक नियम आहे. विरुद्ध बाजूनं बोलीचा अर्थ विचारला, की बोली लावणाऱ्याच्या भिडूनं तो खराखुरा सांगायचा. बाईंनी विचारलं, "दोन बदाम म्हणजे काय?"

उदयसिंहांनी मान वर केली नाही. "इस्पिक आन् किलवर. पाच-पाच. किलवरात एक्का न्हायतर राजा."

"ही अट कुणाची?"

"सरांचीच की," विश्वजित कौतुकानं म्हणाला. "बावीस वर्षं खपून वही बनवलीया. वर्ष झालं मला शिकवायलेत, आधी तोंडी, आता वहीवरनं."

वर्ष. म्हणजे चैत्राच्याही आधीपासून. बाई उदयसिंहांकडे बघत राहिल्या. त्यांनी हातातली पानं पुन्हा लावायला घेतली.

बाईंनी 'तीन बदाम' लावलं, म्हणजे बदाम हुकूम धरून नऊ हात करायचे. सगळे पास झाले. विश्वजितकडे तेरातली दहा पानं काळी, म्हणजे लाल तीनच. बदामाची राणी बहुतेक उदयसिंहांकडे, हे बाईंनी हेरलं, तशी पानं टाकली आणि राणी पकडली. नऊ हात झाले. पण जिंकल्याचा आनंद औषधालाही नव्हता.

विश्वजित चहा आणायला उठला, तसे उदयसिंह हळूच म्हणाले, "बाई, हल्ली तुम्ही पान टाकायला लई वेळ लावत हुता. तोंडावर सांगवंना."

"तोंडावर सांगवलं नाही, पण वही मागवली," बाई म्हणाल्या. "ते जाऊ दे. तो आला की त्याला एवढंच सांगा, वही कुणाची ते."

विश्वजित चहा घेऊन आला. एक कप त्यानं बाईंपुढे अदबीनं ठेवला. उदयसिंह आता सांगतील म्हणून बाई थांबल्या. उदयसिंह उठले आणि पुढच्या टेबलाला उशीर होतोय म्हणत विश्वजितला घेऊन गेले.

नंदिनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते काका ओळखीचे होते का, असं तिनं विचारलं.

"बावीस वर्षं समोर बसत होते," बाई म्हणाल्या. "बाजूनं आजच बघितले."