तीन रिंगांनंतर

आमच्या भाईंदरच्या हेड ऑफिसातले इंटरनेटवरचे फोन मी सांभाळते. कोणाचा कॉल कुठे वाजायचा आणि उचलला नाही तर पुढे कुठे जायचा, हे मी ठरवते असं लोकांना वाटतं. ठरवतात साहेब लोक. एचआरच्या साहेबांनी सांगितलं, तीन रिंगांनंतर कॉल ॲडमिनला द्या. ॲडमिनने तो अकाउंट्सकडे ढकलला. अकाउंट्स म्हणे, आमचा काय संबंध, एचआरला पाठवा. कॉल असाच गोल फिरत राहील, हे मी तिघांनाही तोंडावर सांगितलं. "चालतंय हो," म्हणाले.

त्या चक्रात रोज सकाळी आमच्या नागपूरच्या गोडाऊनमधला एक कॉल अडकायचा. फिरून फिरून कट व्हायचा. स्क्रीनवर ते बघून माझं डोकं फिरायचं. एक दिवस मी तो कॉल माझ्याच टेबलावर वळवला.

"ताई, एचआर ना?"

"नाही, मी फोन बघते. काय काम होतं?"

गोडाऊनचे स्टोअरकीपर होते. गाव इथलंच, भाईंदरजवळचं घोडबंदर. बायको तिथे अंथरुणाला खिळलेली, आणि भाईंदरला बदली मागून यांना वर्ष होत आलेलं. "तिच्याजवळ कोनी न्हाय, ताई. साहेबांना जरा सांगा."

मी सांगितलं. साहेब म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे. आणि तुम्ही तुमचे फोन बघा." मग मी फोनच बघितले. यांचा कॉल थेट साहेबांच्या टेबलावर लावला. दुपारपर्यंत मेल आला, पूर्वीसारखं करा. केलं, पण तेवढा एक कॉल माझ्याकडे ठेवला. ते रोज विचारायचे, काय झालं, आणि मी रोज म्हणायचे, बघतायत. माझा मलाच वीट आला होता. तरी ते आभार मानायचे, त्याचा तर जास्तच राग यायचा.

गेल्या महिन्यात मध्ये काही दिवस त्यांचा फोन आला नाही. मला वाटलं, बदलीची ऑर्डर निघाली वाटतं. इतकी आशा मला अजून होती.

मग एका सकाळी फोन वाजला.

"ताई, घोडबंदरलाच होतो. ती गेली. तो बदलीचा अर्ज आता रद्द करायचा हाय. कोनाला फोन लावू?"

एचआरचं एक्सटेन्शन मला तोंडपाठ आहे. ते सांगायला जीभ रेटेना.